शेणव्याच्या उवेला नाव मिळाले त्याची हकीकत

शत्रूला मारण्यापूर्वी त्याची रीतसर ओळख पटवून घेणे हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण आहे. रानटी माणूस आधी मारतो आणि मग काय मेले ते बघतो. सुसंस्कृत माणूस आधी समिती नेमतो. या कसोटीवर शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके कुठेही कमी पडत नाहीत, हे गेल्या हंगामात शेणव्याच्या गावतळ्याने सिद्ध केले.

प्रकरणाची सुरुवात क्षुल्लक होती. हे तळे ग्रामपंचायतीने मासे वाढवण्यासाठी रानजाई महिला बचत गटाला ठेक्याने दिले होते. गटात अकरा बायका. त्यांनी उन्हाळ्यात तळ्यातला गाळ घमेल्यांनी वाहून काढला, पावसाळ्यात रोहू आणि कटल्याची बोटभर पिल्ले, म्हणजे बोटुकली, सोडली आणि पुढे रोज कोंडा-पेंड टाकून ती वाढवली. ठेक्यात एक अट होती. पुढच्या पावसाआधी मासे विकले गेले नाहीत तर ठेका आपोआप रद्द होईल आणि तळ्याचा लिलाव होईल. (ही अट बायकांच्या अंगी उद्योजकता बाणावी म्हणून घातली होती. ती कल्याणच्या ज्या ठेकेदाराने सुचवली, त्यालाच तळे हवे होते, हा योगायोग.)

माघात माशांवर उवा दिसल्या.

ही ऊ डोक्यातली नव्हे. ती मसुराच्या डाळीएवढी, चपटी आणि जवळजवळ आरपार दिसणारी असते. माशाच्या अंगाला दोन चोषकांनी चिकटते आणि रक्त पिते. कुळाने ती खेकड्या-कोळंबीची नातलग. खेकडा कष्ट करून खातो, कोळंबी मिळेल ते खाते आणि ही दुसऱ्याच्या अंगावर बसून खाते. चांगल्या कुळात असे एखादे असतेच.

"मासं कसं उड्या मारतात बघ गो. खुशीत हायेत," गटाची सचिव सारिका पष्टे बांधावरून म्हणाली.

"खुशीत नाय, खाजवतात ते," अध्यक्षा ताराबाई वेखंडे म्हणाल्या. त्यांनी एक रोहू हातात धरून उलटा केला. पोटाला तांबडे डाग होते आणि डागांच्या कडेने उवा सरकत होत्या.

उपाय काय, हा प्रश्न नव्हता. तो सर्वांना माहीत होता. तळ्यात बांबू रोवायचे, ऊ बांबूवर अंडी घालते, आठवड्याने बांबू काढून उन्हात टाकायचे, आणि पाण्यात औषध सोडायचे. शहापूरच्या जलजीव साहाय्य कक्षात तसे रंगीत पत्रकच भिंतीला लावलेले आहे. औषधही तिथेच मिळते. ताराबाई तिथेच गेल्या. कक्षाचे प्रमुख श्री. ओमकार फर्डे यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

"किडीचं नाव?" फर्डे यांनी विचारले.

"ऊ."

"बाई, ऊ हे नाव नाही. ऊ ही तक्रार झाली. शास्त्रीय नाव सांगा."

"ते तुमालाच म्हायत आसंल ना सायेब. तिचाच फोटो हाये तिथं." ताराबाईंनी भिंतीकडे बोट केले.

फर्डे यांनी मागे वळून पत्रक पाहिले. (या टेबलावर आल्यापासून बहुधा प्रथमच.) "तो एका उवेचा फोटो आहे. तुमची तीच कशावरून?"

"तशीच दिसते."

"दिसण्यावर आपण जात नाही. उद्या ही दुसरीच कुणी निघाली आणि आपण तिला मारून बसलो, तर जबाबदार कोण?"

ताराबाईंनी थोडा विचार केला. "मेली तर बरंच ना. कोणची का आसंना."

हे मत वर सांगितलेल्या रानटी अवस्थेतले असल्याने ते नोंदवून घेण्यात आले नाही. ओळख पटेपर्यंत तळ्यात बांबू, औषध, मीठ किंवा अन्य काहीही टाकू नये आणि उवाही काढू नयेत, कारण त्यामुळे घटनास्थळी फेरफार होतो, असे ताराबाईंना समजावून सांगण्यात आले. कक्ष शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांचा असल्याने पाठोपाठ दोहोंची मिळून कवचधारी मत्स्यपरजीवी ओळख व वर्गीकरण समिती स्थापन झाली. तिच्या एकूण सहा बैठका झाल्या. त्यांपैकी चार समितीच्या नावात शहापूर आधी की मुरबाड आधी यावर खर्ची पडल्या. अखेर दोन प्रकारची पत्रशीर्षे छापण्याचे ठरले आणि वातावरण निवळले. उरलेल्या दोन बैठकांत उवेचा विषय निघाला.

समितीत दोन तज्ज्ञ होते. प्रा. भगीरथ देसले हे मुरबाडला प्राणिशास्त्र शिकवतात. जीव म्हणजे जे दिसते ते, असे त्यांचे मत आहे. पाय मोजा, केस मोजा, चोषकाचा व्यास घ्या, चित्र काढा. जीव स्वतःच आपले नाव सांगतो. डॉ. मिताली घरत या शहापूरला जनुकशास्त्राच्या तज्ज्ञ. जीव म्हणजे जे दिसत नाही ते, असे त्यांचे मत आहे. दिसण्यावरून सख्खे भाऊसुद्धा ओळखता येत नाहीत. नमुना प्रयोगशाळेत पाठवा, आतली अक्षरे वाचून घ्या. दोघांना एकमेकांविषयी आदर होता आणि तो ते एकमेकांच्या गैरहजेरीत व्यक्त करीत.

"जनुकशास्त्र हे स्टेशनजवळच्या लोकांचं शास्त्र आहे," देसले सर म्हणत. "सकाळी पार्सल टाकलं, संपलं. आमच्या मुरबाडला रेल्वे नाही. तिथे जिवाकडे डोळ्यांनीच बघावं लागतं."

"सर केस मोजतात," डॉ. घरत म्हणत. त्या याहून जास्त काही म्हणत नसत.

पहिला मान शरीररचनेला मिळाला. देसले सर शेअर जीपने किन्हवलीमार्गे शेणव्याला आले, बांधावर रुमाल टाकून बसले आणि अखंड नमुन्यांची मागणी केली. पाय तुटलेली ऊ स्वीकारली जाणार नव्हती. ऊ बोटाने ओढली की तिचे पाय माशाच्या अंगावर राहतात आणि ऊ हातात येते. म्हणून सारिकाने भुवया कोरायचा चिमटा आणला. अकरा बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून, एकीने मासा धरायचा, दुसरीने ऊ उचलायची, असे काम करू लागल्या. उवा काढण्यास मनाई होती, पण नमुने काढण्यास नव्हती. (जमा झालेल्या उवांपैकी सरांनी जिवंत व सुदृढ निवडून घेतल्या आणि लंगड्या उवा माणुसकीच्या दृष्टीने पाण्यात परत सोडायला लावल्या.)

"सर, त्या कशाला सोडल्या?" सारिकाने विचारले.

"अभ्यास पूर्ण होईपर्यंत लोकसंख्या स्थिर राहिली पाहिजे."

"त्यांची व्हय?"

"मग कुणाची?"

सरांचा अहवाल शिमग्याच्या सुमारास आला. त्यात म्हटले होते की, शेणव्याच्या उवेचे पोहण्याचे पाय चार जोड्या, चोषक दोन, डोळे दोन असून हे सर्व पुस्तकाप्रमाणे आहे; मात्र मागच्या पायाच्या कडेला एक केस असा आढळतो, जो पुस्तकातल्या चित्रात नाही. सबब ही प्रजाती विज्ञानास अज्ञात आहे. (सरांकडचे पुस्तक ही मूळ पुस्तकाच्या छायाप्रतीची छायाप्रत होती. तिच्यातल्या चित्राला डावा डोळाही नव्हता. पण डोळे दोन असायचेच, म्हणून तो आहेच, असे सर धरून चालले.)

तळ्यात आता रोज सकाळी दोन-चार मासे उलटे होऊन तरंगत. बायका ते बाहेर काढून बांधापलीकडे पुरत. कल्याणचा ठेकेदार मोटारसायकलवरून येई, बांधावर उभा राहून तळ्याची लांबी-रुंदी नजरेने मापत असे.

"कशाला त्रास करून घेता ताई?" तो एकदा म्हणाला. "बायकांचं काम नाय ते."

"खरं हाय दादा," ताराबाई पाण्यातूनच म्हणाल्या. "तुमी उतरा. उवा वाट बगतात."

तो उतरला नाही. पण तो पुन्हा येणार आणि पावसाआधी मासे बाजारात गेले नाहीत तर कायमचाच येणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. गाळ वाहताना सारिकाच्या मानेत जी कळ धरली होती ती अजून गेली नव्हती. ताराबाईंच्या घरातून सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न विचारला जाई, "झालं का तुमचं तळं?" आणि विचारणारा उत्तराची वाट न पाहता चहा मागे.

मग जनुकशास्त्राची पाळी आली. असे नमुने खरे तर स्पिरिटमध्ये पाठवायचे असतात. पण स्पिरिट बाळगण्याचा परवाना नूतनीकरणासाठी गेलेला होता. म्हणून डॉ. घरत यांनी नमुने उन्हात कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात आणून देण्यास सांगितले. सूचना स्पष्ट होती आणि बायकांनी ती तंतोतंत पाळली. वाळवणे त्यांना नवीन नव्हते. पावसाळ्याच्या बेगमीला त्या दरवर्षी बाजारातून जवळा आणतात, तो पुन्हा एकदा सुपात घालून उन्हात तापवतात आणि वास बाहेर जाऊ नये, दमटपणा आत येऊ नये, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात. उवाही तशाच सुपात वाळवल्या. तशाच डब्यात भरल्या. शेणव्यात हवाबंद डबा म्हणजे जवळ्याचा डबा. हवाबंद डबा बाळगण्याचे दुसरे कारण गावात कोणाला ठाऊक नाही.

जवळा हीसुद्धा कवचधारीच. कोळंबीची धाकटी बहीण, पण खाऱ्या पाण्यातली. डबा ताराबाईंचा होता आणि त्यांनी तो राखेने घासून घेतला होता.

प्रयोगशाळेचा अहवाल निःसंदिग्ध होता. शेणव्याच्या उवेची जनुकीय अक्षरे अरबी समुद्रातल्या जवळ्याशी शंभरात नव्याण्णव जुळत होती.

येथून पुढे प्रकरणाने तर्कशुद्ध वळण घेतले. समुद्रात राहणारा जीव ज्या पाण्यात सापडतो ते पाणी समुद्र असले पाहिजे. साहाय्य कक्षाने याची उलट बाजूने खातरजमा करावयाचे ठरवले आणि आपले कर्मचारी पंढरी भेरे यांना भरती-ओहोटी मोजण्यासाठी तळ्यावर धाडले. पंढरींनी पाण्यात खुणा केलेली काठी रोवली. दुपारी पाणी दोन बोटे चढले. संध्याकाळी दोन बोटे उतरले. दुसऱ्या दिवशीही तसेच. दुपारी गावच्या म्हशी तळ्यात येऊन बसतात आणि ऊन उतरल्यावर उठून जातात, हे पंढरींना दिसत होते. पण तक्त्यात म्हशींचा रकाना नव्हता.

भरती-ओहोटी सिद्ध झाल्यावर शेणव्याला किनारपट्टीचे नियम लागू होतात का, याबाबत वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागवण्यात आले. गटाकडे असलेल्या नौकांचा तपशील विचारण्यात आला. गटाकडे ट्रॅक्टरची एक फुगवलेली ट्यूब होती, तिच्यावर फळी बांधून कमळ नावाची बाई कोंडा टाकीत असे. ट्यूबची तात्पुरती नोंदणी झाली. कमळला ती तांडेल, म्हणजे नौकेची प्रमुख, असल्याचे कळवण्यात आले. तिने हे घरी सांगितले, तेव्हा घरच्यांनी पगार किती, एवढेच विचारले.

ताराबाई मात्र अहवाल ऐकल्यापासून अस्वस्थ होत्या. त्या डॉ. घरत यांच्याकडे गेल्या, दारात चपला काढल्या आणि उभ्या राहिल्या.

"म्याडम, येक सांगायचंय. त्यो डबा जवळ्याचा व्हता."

डॉ. घरत यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घासला नव्हता?"

"घासला ना, राखंनं घासला. पन जवळ्याचा डबा त्यो. वास जातोय व्हय?"

डॉ. घरत मूळच्या भिवंडीकडच्या. त्यांच्या माहेरीही तसा डबा होता आणि त्यात एकदा ठेवलेल्या बेसनाच्या लाडवांचे पुढे काय झाले, हे त्यांना आठवत असावे.

"तुम्ही म्हणता तसंच झालं असेल ताराबाई," त्या म्हणाल्या. "पण अहवाल पुढे गेला. आता पुन्हा तपासायचं तर नवा नमुना, नवी मंजुरी. आणि देसले सरांना सांगावं लागेल."

पहिल्या दोन अडचणींतून मार्ग निघण्यासारखा होता.

"मंग माज्या माशांचं काय?"

"मासे आमच्या विषयात येत नाहीत हो," डॉ. घरत खरोखरच हळहळून म्हणाल्या. "आमचा विषय माशावर जे बसलंय ते."

आता समितीपुढे दोन अहवाल होते. शरीररचनेनुसार ऊ गोड्या पाण्यातली आणि अज्ञात. जनुकांनुसार ती खाऱ्या पाण्यातली आणि बाजारात वाट्यावर मिळणारी. एखाद्या सामान्य माणसाने दोहोंपैकी एक अहवाल चुकीचा मानला असता. समितीने दोन्ही बरोबर मानले. त्यामुळे कोणाचाही अपमान झाला नाही आणि विज्ञानाची अभूतपूर्व प्रगती झाली. जिचे शरीर तळ्यातले आणि जनुके समुद्रातली, अशी प्रजाती जगात दुसरी नाही. तिच्यासाठी केवळ नवी प्रजाती पुरेशी नव्हती, नवे कुळ स्थापावे लागले.

नाव ठरवताना जुना वाद पुन्हा निघाला. शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिल्या भागावर दोन्ही तालुक्यांनी हक्क सांगितला. स्टेशन त्यांना मिळाले, निदान ऊ तरी आम्हाला मिळावी, हा मुरबाडचा मुद्दा बिनतोड ठरला आणि 'मुरबाडेला शहापुरेन्सिस' हे नाव एकमताने संमत झाले. शेणव्याचे नाव त्यात बसले नाही. (ऊ शेणव्याची होती, पण शेणवा तालुका नाही.)

नामकरणाचा समारंभ तळ्याच्या काठी ताडपत्रीचा मांडव घालून झाला. भिंगाखाली एक ऊ ठेवली होती. पाहुण्यांनी रांगेने तिचे दर्शन घेतले. ताराबाईंना शाल आणि श्रीफळ देण्यात आले. देसले सर भाषणात म्हणाले की, या छोट्याशा जिवाने दोन तालुक्यांना एकत्र आणले. डॉ. घरत यांनी आपल्या भाषणात देसले सरांच्या डोळ्यांचे कौतुक केले. भाषणे चालू असताना मांडवामागे कमळने सात मेलेले कटले टोपल्यात घालून वर गोणपाट टाकले, म्हणजे वास पाहुण्यांकडे जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी ताराबाई नाव पाठ करून कक्षात गेल्या. वाटेत जीपमध्ये त्यांनी ते सारिकाकडून चार वेळा म्हणवून घेतले होते.

"मुरबाडेला शहापुरेन्सिस," त्या खुर्चीत बसण्यापूर्वीच म्हणाल्या. "द्या औषध."

"अभिनंदन," फर्डे म्हणाले. "जगात कुठंही नाही अशी ऊ, फक्त तुमच्या तळ्यात. तालुक्याचं भाग्य."

"व्हय. औषध?"

"औषधानं ती मरेल."

"त्याच्यासाठीच मागते सायेब."

"ताराबाई, साऱ्या जगात एकाच तळ्यात उरलेला जीव मी मारू? दुर्मिळ म्हणून प्रस्ताव गेलाय. संरक्षित होणार ती."

ताराबाई बसल्या. शालीची घडी त्यांच्या पिशवीत अजून तशीच होती. "म्हंजे नाव नव्हतं तवा नाव नाय म्हून नाय. आन आता नाव हाये म्हून नाय."

"आता तुम्हाला प्रकरण समजलं," फर्डे समाधानाने म्हणाले. इतक्या लवकर समजणारे अर्जदार त्यांना क्वचित भेटत. त्यांनी पुढचेही समजावून सांगितले. उवेला राहायला मासा लागतो, सबब तळ्यातला मासा बाहेर काढता येणार नाही. नव्या आदेशाप्रमाणे रोहू हा यापुढे मासा नसून अधिवास आहे. गटाने त्याला कोंडा-पेंड घालत राहावे. मासे कमी पडल्यास नवी बोटुकली आणून सोडावीत, म्हणजे उवांची उपासमार होणार नाही.

"आन इकायचं कवा?"

"अधिवास विकता येत नाही."

"मंग ठेका जाईल आमचा."

"तो ग्रामपंचायतीचा विषय झाला."

ताराबाईंनी भिंतीवरच्या रंगीत पत्रकाकडे एकदा पाहिले. मग त्यांनी विचारले, "आदेश आला का सायेब, का यायचाय?"

"तयार आहे. सही व्हायची आहे. कुठल्या पत्रशीर्षावर काढायचा, तेवढं ठरलं की निघेल."

"म्हंजे आज मासा मासाच हाये."

"आज," फर्डे यांनी नियम मनातल्या मनात तपासला, "हो. आज मासाच आहे."

त्या उठल्या. फर्डे यांनी त्यांना बोटुकली पुरवणाऱ्या केंद्राचा पत्ता लिहून दिला, तो त्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेणव्याच्या तळ्यात जाळे पडले. अकरा बायका पाण्यात, त्यांचे नवरे दोरावर. ("झालं का तुमचं तळं" विचारणारेही त्यात होते आणि त्या दिवशी ते काही विचारत नव्हते.) पाणी उन्हाळ्याने आटलेले असल्याने तीन फेऱ्यांत तळे रिकामे झाले. मासे मिठाच्या पाण्याच्या पिंपात बुडवून काढले. मिठाने बहुतेक उवा गळून पिंपाच्या तळाशी बसल्या. एक नवे कुळ, त्यातली एकमेव प्रजाती आणि तिच्यावर झालेले दोन तालुक्यांचे ऐक्य, असा सगळा ऐवज कमळने बांधावर ओतून दिला. कावळ्यांनी त्याचे वर्गीकरण केले नाही.

टेम्पो आधी शहापूरला गेला, मग किन्हवलीला आणि उरलेला माल घेऊन मुरबाडला. कोणत्याही तालुक्यावर अन्याय होणार नाही याची काळजी घेण्यात आली.

"हे काय चिकटलंय गो कल्ल्याला?" शहापूरच्या बाजारात एका गिऱ्हाइकाने विचारले.

"ऊ हाये ती काकी," सारिका म्हणाली. "लय मोठी आसामी. परवा सत्कार झाला तिचा."

"काढ ती. आणि भाव नीट लाव."

"काढली. घ्या."

संध्याकाळपर्यंत सर्व मासे संपले. मुरबाडला शेवटचा कटला देसले सरांच्या घरी गेला आणि चांगला लागला, असे समजते. विक्री झाली, ती पावसाआधी झाली आणि ग्रामपंचायतीने तशी नोंद घेतली. ठेका गटाकडेच राहिला. कल्याणचा ठेकेदार आता दुसऱ्या एका गावच्या बांधावर उभा राहतो. बायकांनी आटून कोरड्या पडलेल्या तळ्यात चुना टाकला आहे आणि बोटुकली सोडण्याआधीच बांबू रोवून ठेवले आहेत. तळ्यात जीव नसताना बांबू रोवण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही, हे ताराबाईंनी स्वतः कक्षात जाऊन विचारून घेतले.

संरक्षणाचा आदेश त्यानंतर निघाला. दोन्ही पत्रशीर्षांवर.

अभ्यासाचा विषयच उरला नाही तर समिती विसर्जित होईल, अशी शंका काहींनी घेतली. ती अज्ञानातून आलेली होती. जिवंत प्रजाती सतत बदलते, पळते, पाय तोडून घेते. नाहीशा झालेल्या प्रजातीवर काम अधिक निर्वेधपणे करता येते. शिवाय ती नाहीशी झाली, असे तरी कशावरून म्हणायचे? पिंपातल्या उवांचा पंचनामा झालेला नाही. काही उवा माशांच्या कल्ल्यांत राहून बाजारात गेल्या, याला गिऱ्हाइकांची साक्ष आहे. बाजारातून त्या परत आल्या नाहीत. म्हणजे जगातल्या या एकमेव प्रजातीचे उरलेले अस्तित्व जिथे शेवटचे जाताना दिसले तिथेच ते आहे, असे मानणे समितीला भाग आहे.

सबब त्या दिवशी ज्या वाचकांनी शहापूर, किन्हवली वा मुरबाडच्या बाजारातून रोहू किंवा कटला घेतला (घासाघीस करून घेतला असल्यास तसेही सांगावे), त्यांनी घरीच थांबावे. देसले सर टेप घेऊन येतील आणि आपल्या शरीराची मापे घेतील. डॉ. घरत आपली लाळ घेतील. दोन्हींचे निष्कर्ष जुळले नाहीत तर घाबरू नये, समितीकडे त्याची पद्धत तयार आहे. शिजवलेल्या माशातली ऊ माणसाला काही करत नाही असे विज्ञान सांगते, परंतु ते ओळख पटलेल्या उवेबद्दल सांगते. पाहणी होईपर्यंत जुलाबाचे, जंताचे वा अन्य कोणतेही औषध घेऊन घटनास्थळी फेरफार करू नये. पोटात अगदीच वळवळू लागले, तर कार्यालयीन वेळेत कक्षात यावे. बसायला खुर्ची मिळेल. येताना वळवळणाऱ्याचे शास्त्रीय नाव तेवढे विचारून यावे.